भिंतीतली जुनी नळी, नवा एसी

वसईहून एका भगिनीनं विचारलंय: बारा वर्षांचा स्प्लिट एसी बदलायचाय. तांब्याच्या नळ्या भिंतीतून गेल्यात, वर टाईल्स. दुकानदार म्हणतो, त्याच नळ्या चालतील. मेकॅनिक म्हणतो, नव्या टाका. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही लगेच ऐकू नका! आधी जुन्या मशीनवरचं लेबल वाचा. तिथे आर-२२ असेल तर जपून. ओझोनला घातक म्हणून १ जानेवारी २०२५ पासून या गॅसवरचे नवे एसी बनवायला आपल्याकडे मनाई आहे. नवा एसी बहुधा आर-३२चा असेल. त्याचा दाब दीडपटीहूनही जास्त, आणि आतलं तेलही वेगळं. लोणच्याची बरणी न धुता त्यात मोरावळा भरतो का आपण? तसंच हे. नळ्या ठेवायच्याच तर आतलं जुनं तेल साफ करून घ्यावं लागतं. जुना कॉम्प्रेसर जळून बंद पडला असेल तर मात्र नव्या नळ्याच टाका, आत आम्ल राहतं.

मापही बघा. 'दोन सूत आणि चार सूत' असं मेकॅनिक बोलतो ते नव्या मशीनच्या पुस्तिकेशी जुळायला हवं. तांब्याची जाडीही पुस्तिकेत सांगितली असेल तेवढी हवी. जुनी नळी अ‍ॅल्युमिनियमची निघाली तर आग्रह सोडा. अर्नाळा, भुईगावकडच्या बायकांनी बाहेरचा भाग नीट पाहावा, खाऱ्या वाऱ्यानं तांब्यावर हिरवट डाग चढतात. भिंतीच्या आत सांधा असेल तर मी तरी ती नळी ठेवणार नाही. आर-३२ थोडा का होईना, पेट घेणारा गॅस आहे.

आणि नळीवरचा फोम! हे मी अनुभवानं सांगते. आम्ही हजारभर रुपये वाचवायला नळी तीच ठेवली. ती गळली नाही हो, पण वरचा फोम कुजला होता. थंड नळीला दव सुटलं, भिंत ओलावली, आणि तिला टेकलेल्या कपाटात सासूबाईंच्या दोन पैठण्यांना बुरशी लागली. त्या काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

जुनं मशीन चालू स्थितीत असेल तर काढण्यापूर्वी त्यातला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायला सांगा, हवेत सोडू देऊ नका. नळीची तोंडं कापून नव्यानं फुलवावीत, नटही नवे. मग नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते तुमच्यासमोर पाहावं (ऑक्सिजनचं सिलिंडर आणलं तर सरळ परत पाठवा, स्फोट होतो!). शेवटी पंपानं निर्वात करावं. 'थोडा गॅस सोडून हवा काढतो' हे मान्य करू नका. पैसे हे सगळं झाल्यावरच द्या.

टाईल्स फोडायच्या नसतील तर नवी नळी भिंतीवरून पीव्हीसीच्या पट्टीत नेता येते. दिसायला जरा ओबडधोबड, पण पुढच्या वेळी उघडता येते. भिंतीतूनच नेली तर झाकण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे कोणी घड्याळासाठी तिथेच खिळा ठोकणार नाही.