गावठी भाताचे मोल

पिंपळे सौदागर हे पवनेकाठचे गाव. जेथे पूर्वी शेते होती, तेथे आज उंच इमारती उभ्या आहेत. याच नदीच्या वरच्या अंगास, मावळात, भाताची खाचरे अद्याप पिकत आहेत. आंबेमोहोर 157 व आय.आर. 8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने तयार केलेली ‘इंद्रायणी’ ही जात 1987 पासून तेथे लोकप्रिय झाली.

अशा संकरात दोन्ही जातींचे गुण मिसळून निराळीच जात निपजते. परंतु शेतकऱ्यास पसंत असलेल्या जातीत एकच उणीव असेल, तर सारी जात बदलण्याचे प्रयोजन काय? अशा वेळी परतसंकर उपयोगी पडतो. हवा असलेला गुण ज्या जातीत आहे, ती दाता जात होय. तिच्याशी एकदा संकर केल्यावर संततीचा संकर पुनःपुन्हा मूळ जातीशीच करतात. त्यायोगे दात्याचा अंश सरासरीने 50 टक्क्यांवरून 25, पुढे 12.5 असा घटत जातो.

तथापि हवे ते जनुक कोणत्या रोपात उतरले, हे डोळ्यांस दिसत नाही. त्यासाठी रोपाच्या पानाचा तुकडा तपासून त्या जनुकाशेजारची ठरावीक खूण, म्हणजे मार्कर, शोधतात. दात्याचा नको असलेला अंश कोणत्या रोपात कमीत कमी आहे, हेही अशाच खुणांवरून कळते. त्यामुळे कित्येक हंगाम वाचतात. यात परक्या जीवाचे जनुक घातले जात नाही. भातास भाताचाच गुण मिळतो.

‘स्वर्णा’ जातीत याच रीतीने सब 1 हे जनुक आणले गेले. 2009 मध्ये भारतात प्रसारित झालेली स्वर्णा-सब 1 सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही पुन्हा फुटते. हे जनुक आले कोठून? ओडिशातील जुन्या स्थानिक भातातून निवडलेल्या एफ.आर. 13 ए या जातीतून. तिचे उत्पन्न बेताचेच. तरीही कोट्यवधींच्या अन्नाची राखण तिच्या एका गुणाने केली.

मार्कर जनुक शोधून देतो, निर्माण करीत नाही. दात्याचे बियाणेच नाहीसे झाले, तर उत्तम प्रयोगशाळाही रिकाम्या हाताने बसेल. म्हणून गावठी भातास कमी लेखणे ही मोठी चूक होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जुने बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्यांचा शोध घ्यावा. जातीचे नाव, जमीन, पाणी, पक्व होण्याचा काळ व रोगास दाद न देण्याचा गुण यांची नोंद करावी आणि नमुना कृषि विद्यापीठाकडे पोचवावा. 2001 च्या कायद्यान्वये शेतकऱ्यास आपल्या जातीची नोंदणीही करता येते. खाचर विकले जाण्याचा प्रसंग आलाच, तर त्यापूर्वी तेथील बियाणे अवश्य राखावे. गेलेली जमीन परत येत नाही. राखलेल्या मूठभर बियाण्यातून मात्र उद्याचे पीक उभे राहू शकते.