न दुखणारी जखम

जननेंद्रियावरची जखम दुखत नसेल, तर लोक निर्धास्त राहतात. पण न दुखणारी जखमच गरमीची, म्हणजे सिफिलिसची, खूण असू शकते. (हर्पिसचे बारीक फोड आग करतात, म्हणून ते रुग्ण लवकर येतात.) संबंधानंतर साधारण ३ आठवड्यांनी ती उठते आणि ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरते. श्रेय मेडिकलमधून आणलेल्या मलमाला जाते; जंतू शरीरातच राहतात. पुढे तळहात-तळपायांवरही पुरळ येते, गरोदर स्त्रीकडून बाळाला लागण होऊ शकते. सुरुवातीला मात्र बेंझाथिन पेनिसिलिनची २४ लाख युनिटची एकच मात्रा पुरते. ‘गुप्तरोग’ या शब्दानेच रुग्णाला लपायला शिकवले. सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषध मोफत मिळते. जोडीदारालाही आणा, आणि एचआयव्हीची चाचणी त्याच वेळी करून घ्या.