'गुप्त' रोगाचं एवढं गुप्त काय?

ताप आला तर आपण अख्ख्या विंगला सांगतो. पाय मुरगळला तर चार पोट्टे उचलून दवाखान्यात नेतात. पण जांघेत चट्टा दिसला, लिंगाच्या कातडीचा रंग बदलला, की माणूस एकदम मुका! बाथरूमची कडी, मोबाईलचा टॉर्च आणि रात्रभर टेन्शन. डॉक्टर मात्र नाही.

कारण शोधायला लांब जायला नको. मी कॉन्व्हेंटचा. आमचा रिप्रॉडक्शनचा धडा 'सेल्फ स्टडी'ला सोडला होता. मराठीत बोलावं तर शिवीशिवाय शब्द सापडत नाही! त्यात पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग विभाग'. त्या रांगेत गावाकडचं कोणी भेटलं तर? म्हणून मग मेडिकलवर हळूच 'खाजेची ट्यूब' मागायची, नाहीतर भिंतीवरच्या जाहिरातीतला नंबर लावायचा.

माझ्या एका मित्रानं हेच केलं. ट्यूबनं आठ दिवस आराम पडला, मग गजकर्ण मांडीभर पसरलं. परीक्षा फीचे पैसे एका जाहिरातवाल्यानं खाल्ले. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं, ट्यूबमध्ये स्टेरॉईड होतं. स्टेरॉईड खाज दाबतं, पण बुरशी आतून वाढतच राहते आणि कातडी पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी मागितली की मिळतात, हे आपल्याला माहीत आहेच.

गंमत म्हणजे अर्ध्या गोष्टी घाबरण्यासारख्या नसतातच. तिथली कातडी बाकी अंगापेक्षा काळपट असणं नॉर्मल आहे. वयात येताना हार्मोन्समुळे ती आणखी गडद होते. लाल, कडा उठलेला, खाजरा चट्टा बहुतेक वेळा गजकर्ण. आपल्या अकोल्या-अमरावतीचा उन्हाळा, घट्ट जीन्स आणि अर्धवट वाळलेली चड्डी, बुरशीला अजून काय पाहिजे? जुलाबाची किंवा दुखण्याची गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी काळा डाग उठतो, तो त्या गोळीचा त्रास असू शकतो. पांढरा डाग कोडाचा असेल तर कोड संसर्गजन्य नाही. पण पांढरे डाग पडून कातडी आवळत असेल, किंवा न दुखणारी जखम असेल, तर थांबूच नका. यातलं कोणतं आपलं, हे रूममेट नाही, डॉक्टरच सांगणार.

आणि हे विचारणं म्हणजे चावटपणा नाही. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. वाचकांच्या असल्याच प्रश्नांना ते सरळ उत्तरं देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर! खटला हरला, २०० रुपये दंड झाला. पण शरीराबद्दल प्रश्न विचारण्याचा हक्क एवढा मोठा होता, की बाबासाहेबांनी त्यासाठी वकिली केली. आणि आपण केसपेपर काढायला लाजतो!

माझं म्हणणं साधं आहे. फर्स्ट इयरच्या ओरिएंटेशनमध्ये रॅगिंगवर भाषण होतं, तसा एक तास त्वचारोग तज्ज्ञांचा ठेवा. चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न घ्या. रेक्टर सरांनी कपडे उन्हात वाळवायला गच्ची उघडी ठेवावी. आणि पोट्टेहो, अकोल्याचं सर्वोपचार असो की अमरावतीचं इर्विन, सरळ जा, 'स्किन ओपीडी' विचारा. डॉक्टरांसाठी तो रोजचाच पेशंट असतो. एकट्याला लाज वाटत असेल तर मित्राला सोबत न्या. आणि मित्रानं सांगितलं तर कृपा करून हसू नका. तुमच्या एका हसण्यानं तो अजून चार महिने दवाखान्यात जाणार नाही.