विंडोजविना विंडोजचे प्रोग्रॅम

'विंडोज १०'चे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास सुरक्षा-सुधारणांसाठी आणखी एका वर्षाची मुदत देण्यात आली. 'विंडोज ११'साठी मात्र 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-सुविधा आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर लागत असल्याने अनेक सुस्थितीतील संगणक अपात्र ठरले. अशा संगणकांवर मोफत लिनक्स चालू शकते. अडचण आहे ती केवळ विंडोजसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमची.

या अडचणीवर १९९३ पासून 'वाइन' हा प्रकल्प काम करीत आहे. १९९४ पासून त्याचे नेतृत्व अलेक्सांद्र ज्युलियार यांच्याकडे आहे. 'वाइन' संगणकात दुसरा काल्पनिक संगणक उभा करीत नाही. ते दुभाष्याचे काम करते. प्रोग्रॅमने विंडोजकडे फाइल उघडण्याची वा खिडकी दाखविण्याची मागणी केली, की 'वाइन' ती लिनक्सला समजेल अशा रूपात पुढे पाठविते. त्यासाठी विंडोजची प्रत लागत नाही.

हे काम मोठे चिकाटीचे होते. विंडोजचा मूळ कोड गुप्त असल्याने तिचे वर्तन बाहेरून तपासून नव्याने लिहावे लागले. पहिली स्थिर आवृत्ती १५ वर्षांनी, जून २००८ मध्ये आली. खरा वेग आला तो खेळांच्या व्यवसायामुळे. 'व्हॉल्व्ह' कंपनीने 'वाइन'वर आधारलेले 'प्रोटॉन' २०१८ मध्ये आणले आणि २०२२ मध्ये 'स्टीम डेक' हे लिनक्सवर चालणारे यंत्र बाजारात उतरविले. एकाच कंपनीच्या प्रणालीवर विसंबून राहण्यातला धोका या कंपनीने वेळीच ओळखला होता.

अशा पुनर्लेखनाला कायद्याचा आधार किती, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. गुगल-ओरॅकल खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी ६ विरुद्ध २ मतांनी गुगलच्या बाजूने कौल दिला. जावा भाषेच्या जोडणी-आज्ञांचा गुगलने केलेला वापर न्याय्य ठरला. या आज्ञांना स्वामित्व हक्क लागू होतो की नाही, हा मूळ मुद्दा मात्र न्यायालयाने अनिर्णित ठेवला.

'वाइन'ला मर्यादा आहेतच. केवळ विंडोजसाठी ड्रायव्हर असलेली उपकरणे त्यावर बहुधा चालत नाहीत. फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणांमुळे काही ऑनलाइन खेळही अडतात. उलट, १६-बिटचे जुने प्रोग्रॅम 'विंडोज ११'वर चालत नाहीत. त्यांतले अनेक 'वाइन'वर चालतात.

खरा प्रश्न यंत्रापेक्षा त्यातील कामाचा आहे. मराठी मुद्रणव्यवसायात युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळविलेला कितीतरी मजकूर जुन्या प्रोग्रॅमच्या फाइलींत अडकलेला आहे. तो वाचण्याचा मार्ग एकाच कंपनीच्या वेळापत्रकावर अवलंबून ठेवणे परवडणारे नाही. 'वाइन'मुळे दुसरी वाट मोकळी राहते. परंतु जुने संगणक चालू आहेत तोवरच तो मजकूर युनिकोडमध्ये आणणे, हाच कायमचा उपाय होय.