अभिनंदनाच्या आडून जाहिरात

टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली पी. व्ही. सिंधूने ब्राँझपदक जिंकले आणि समाजमाध्यमांवर अभिनंदनाचा पूर आला. त्यात बँका होत्या, रुग्णालयेही होती. तिचे छायाचित्र, शाबासकीची एक ओळ आणि कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह. परवानगी कोणी घेतली? तिचे काम पाहणाऱ्या संस्थेने सुमारे 20 कंपन्यांना नोटिसा धाडल्या. आम्ही तर कौतुकच केले, हा अशा वेळचा ठरलेला बचाव. कौतुक खुशाल करावे. पण बोधचिन्ह चिकटले की ती जाहिरात होते आणि जाहिरातीला पैसे पडतात. खेळाडूची कमाईची वर्षे मोजकी असतात, हेही इथे विसरता येत नाही.

आपले नाव, चेहरा, आवाज जाहिरातीत कोणी वापरावा हे ठरवण्याच्या या हक्कासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. राज्यघटनेचे 21वे कलम, ट्रेडमार्क कायदा आणि न्यायालयांचे निकाल यांची मोट बांधून काम भागवले जाते. मात्र हा हक्क अमर्याद नसावा, आणि तो तसा नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये स्पष्ट केले. क्रिकेटपटूंशी करार केलेल्या ‘रारिओ’ या कंपनीने ‘स्ट्रायकर’ या फँटसी खेळाविरुद्ध दाद मागितली होती. स्ट्रायकर खेळाडूंची नावे, रेखाचित्रे आणि आकडेवारी वापरत असे. सर्वांसमोर असलेल्या माहितीवर कोणाची मक्तेदारी नाही, असे म्हणत न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. योग्यच झाले. मोहम्मद सिराजने किती बळी घेतले, हे छापायला त्याची परवानगी लागली असती, तर आमचे क्रीडापान बंदच करावे लागले असते.

खेळाडूने एखाद्या मालाची शिफारस केल्याचा खोटा आभास निर्माण केला, की मात्र गय नको. जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकरच्या तोंडी एका गेमिंग ॲपची भलामण घालणारी बनावट चित्रफीत फिरली. सचिनने स्वतःच ती खोटी असल्याचे जाहीर केले, मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला. सचिनचा शब्द क्षणात देशभर पोहोचतो. पण तालुक्याच्या आखाड्यातल्या मल्लाचे छायाचित्र न विचारता प्रोटीन पावडरच्या फ्लेक्सवर झळकले, तर त्याने दिल्लीत वकील कोणत्या पैशाने लावायचा? नवा कायदा करायचाच असेल, तर जिल्हा पातळीवर स्वस्तात, चटकन दाद मिळण्याची सोय त्यात आधी हवी. आणि कोवळ्या वयात सह्या घेतल्या जाणाऱ्या करारांत चेहरा, आवाज किती वर्षांसाठी, कशाकशासाठी दिला, हे क्रीडा संघटनांनी सहीपूर्वीच वाचून दाखवावे.