पेशवेकालीन विळी आणि प्लसचा स्क्रू

गेल्या शनिवारी पुण्यात जुन्या वस्तूंच्या एका दुकानात घडीची विळी बघितली. पितळी, माशाच्या आकाराची, पातं फिरवून पोटात मिटणारी. सोबत चिठ्ठी: 'पेशवेकालीन. अस्सल.' किंमत सांगत नाही, तुमचा वीकेंड खराब होईल. सवयीप्रमाणे उलटी करून बघितली. पातं स्टेनलेसचं. बिजागरीत स्क्रू, आणि त्याच्या डोक्यावर चक्क प्लसची खाच!

मंडळी, पेशवाई बुडाली १८१८ ला. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने स्टेनलेस स्टील केलं १९१३ मध्ये. फिलिप्सचा प्लस खाचेचा स्क्रू आला १९३० च्या दशकात. म्हणजे एकतर बाजीरावांकडे टाइम मशीन होतं, नाहीतर चिठ्ठी खोटी आहे. दुकानदाराला हे सांगितलं तर म्हणाला, "अहो साहेब, जुनी वस्तू आहे, त्यात एवढं काय बघायचं?"

माझं भांडण नेमकं या वाक्याशी आहे. जुन्या वस्तूत 'एवढं'च तर बघायचं असतं!

बाहेर लोक काय करतात बघा. फ्रान्सचा ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकू १८९० पासून निघतोय. पातं अडकवणारी फिरती कडी त्याला बसली १९५५ साली. मिटलेलं पातंही त्याच कडीने लॉक होऊ लागलं २००० साली. म्हणजे कडी असेल तर १९५५ पूर्वीचा नाही. स्विस व्हिक्टोरिनॉक्सचा आजच्या आकाराचा डबा-ओपनर १९५१ चा. अमेरिकेतल्या बक कंपनीचा ११० नंबरचा चाकू १९६४ पासून आहे, आणि १९८६ पासून तर पात्याच्या बुडाशी वर्षाची खूणच असते. या चाकूंचा चेंजलॉग जगभरच्या हौशी लोकांना तोंडपाठ आहे. आपल्याकडे लॉग एकाच ओळीचा: 'अँटिक'.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "आपल्याकडे सगळं हाताने घडवलेलं, कंपनी नाही, मग व्हर्जन कसलं?" साफ चूक. पाटावर ठोकून बसवलेलं पातं काढून कुणीतरी पहिल्यांदा ते बिजागरीवर घेतलं, म्हणजे विळी फडताळात मावेल आणि रांगत्या पोराचा पाय कापणार नाही. कुणीतरी मिटलेलं पातं अडकायला खाच केली. कुणीतरी रिव्हेटच्या जागी नटबोल्ट टाकला, म्हणजे धार गेली की पातं काढता येईल. हे प्रत्येक रिव्हिजन आहे, आणि प्रत्येकामागे कुणाची तरी अडचण आहे. करणाऱ्याने सही केली नाही, एवढाच फरक. सही नाही म्हणून आपण त्याला इंजिनिअर न म्हणता 'पारंपरिक कारागीर' म्हणतो आणि मोकळे होतो.

बरं, ओळखायला काही फार लागत नाही. खिशात एक फूटपट्टी आणि एक भिंग असलं की झालं.

एक, बिजागरीच्या बोल्टचे आटे मोजा. पाव इंची व्हिटवर्थ बोल्टला इंचात २० आटे, सहा मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टला साधारण २५. व्हिटवर्थचं माप १८४१ चं, आणि आपल्याकडे मेट्रिकचा कायदा झाला १९५६ मध्ये. पण उलटं अनुमान काढू नका. इंची बोल्ट त्यानंतरही कितीतरी वर्षं हार्डवेअरच्या दुकानात मिळत होते. खूण फक्त सांगते, 'याच्या आधीचं नाही.' 'याच्या नंतरचं नाही' हे ती कधीच सांगत नाही.

दोन, डिझाइन आणि दुरुस्ती यांत गल्लत करू नका. बुजवलेलं भोक, स्क्रूच्या शेजारी रिकामं भोक, नव्या वॉशरखालून डोकावणारी जुन्या वॉशरची गोल घासखूण दिसली तर तो नंतरचा पॅच. खूण एकाच विळीवर असेल तर पॅचची शक्यता जास्त. त्याच धाटणीच्या पाच विळ्यांवर असेल तर रिव्हिजन. त्या दुकानातलं पातं आणि स्क्रू पॅच असतीलही. मग चिठ्ठीवर तसं लिहा ना!

तीन, अक्षरं वाचा. खोक्यावर पिन कोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. किंमत 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचं. आणि भांड्यांवर नावं घालायची आपली पद्धत, ती तर सोन्याची खाण आहे.

इथे मला माझा गुन्हा कबूल करायचा आहे.

माझी आजी शहाद्याची. आज जिल्हा नंदुरबार. तिच्या रुखवतातली घडीची विळी होती, शिसवी पाट आणि कडेला पितळी पट्टी. पट्टीवर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं तिचं नाव, आणि पुढे 'जि. प. खानदेश'. खानदेशचे पूर्व-पश्चिम तुकडे झाले १९०६ मध्ये, पश्चिमेचा पुढे धुळे जिल्हा झाला, आणि १ जुलै १९९८ ला त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. तीन शब्दांत केवढा इतिहास! पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवाळीला मी मोठ्या उत्साहाने ती विळी 'रिस्टोअर' करून आणली. डगमगणारा रिव्हेट तोडून नटबोल्ट बसवला, पितळेला बफिंग मारून घेतलं. आरशासारखी चमकत होती. आजीने पट्टीवरून अंगठा फिरवला, परत फिरवला, आणि अहिराणीत म्हणाली, "मनं नाव कोठे गयं रे भाऊ?"

पुसलं गेलं होतं. बफिंगवाल्याचा दोष नाही, मीच म्हटलं होतं 'एकदम नवी दिसू दे'. बॅकअप नव्हता, साधा फोटोही काढला नव्हता. ऑफिसात कुणी लॉग न बघता प्रॉडक्शनवर डिलीट मारलं तर मी त्याचं डोकं खाईन. आणि घरी मी तेच केलं.

म्हणून दुकानदारावर माझा अर्धाच राग आहे. उरलेला अर्धा तुमच्या-माझ्यावर. पगार बरा झाला की आपल्याला दिवाणखान्यात ठेवायला चकचकीत 'वारसा' हवा असतो, आणि ती चकाकी येते पुरावा घासूनच. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी गोळा करण्यात आयुष्य घातलं आणि १९७५ मध्ये तो संग्रह सरकारला देऊन टाकला. आपण तिथे जातो, अडकित्त्यांपुढे फोटो काढतो, आणि घरची विळी किलोवर मोडीत घालतो.

तेव्हा पुढच्या सुट्टीत गावी गेलात की एक काम करा. माळ्यावरची विळी खाली काढा, पण पितांबरीचा डबा आधी लांब ठेवा. उलट्या बाजूचा फोटो काढा. बिजागरी, भोकं, आटे, अक्षरं लिहून घ्या. कुणी घेतली, कुठल्या बाजारातून, पातं कधी बदललं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि जे सांगतील ते तारखेसकट लिहा. आठवत नसेल तर 'माहीत नाही' लिहा. 'पेशवेकालीन' लिहू नका.

आमची विळी आता माझ्याकडे आहे. पाटाखाली मी कागद चिकटवलाय: 'रिव्हेट काढून बोल्ट घातला, नाव पुसलं गेलं, चूक नातवाची.' आजीचं नावही लिहिलंय त्यावर. पण ते माझ्या अक्षरात आहे.