मतांतर कोणी कोणाचे करायचे?

ह्यूस्टनच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये संगीतसेवा करणारे टिम सीलिग यांनी १९८६ साली आपण समलिंगी असल्याचे उघड केले आणि करुणामूर्ती चर्चची दारे त्यांना बंद झाली. पुढे डॅलसमध्ये वीस वर्षे आणि २०११ ते २०२२ सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी समलिंगी पुरुषांच्या गायनवृंदाची धुरा वाहिली. २०२१ मध्ये या वृंदाने विडंबनगीत गायिले: तुमच्या मुलांचे मतांतर करू, म्हणजे त्यांना सहिष्णू करू! ख्रिस्ती सनातन्यांचा आगडोंब उसळला. वृंदाला धमक्या आल्या. थट्टेतले मतांतर एवढे झोंबले? सीलिग यांच्या त्याच सदर्न बॅप्टिस्ट पंथाचे मिशन बोर्ड तर १८४५ पासून परक्यांच्या लेकरांचे मतांतर हेच पुण्यकर्म मानत आले आहे, आणि तेही गंभीरपणे.